पाणी पाजलेले पडदे

आमच्या दुकानात कापडाची पहिली ओळख होते ती काडीपेटीने. गिऱ्हाईक भाव विचारतं, रंग पक्का आहे का विचारतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, थानाच्या कडेचा एक धागा ओढतात, काडी ओढतात आणि धागा जाळून नाकाजवळ नेतात. कागद जळाल्यासारखा वास आला तर सुती. केस जळाल्यासारखा आला तर रेशीम नाहीतर लोकर. धागा आक्रसून टोकाला कडक काळी गोळी झाली तर पॉलिएस्टर, मग विकणाऱ्याने ते कोणत्याही नावाने आणलेलं असो. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या आमच्या दुकानाचं लाकडी काउंटर या परीक्षांच्या डागांनी भरलेलं आहे. त्यावर सनमायका बसवू या असं मी बरेचदा सुचवलं. अप्पा म्हणतात, डाग राहू देत, माल आणणाऱ्यांना ते दिसलेले बरे.

आम्ही पडद्यांचं आणि सोफ्यांचं कापड विकतो. घराणं मूळचं निपाणीकडचं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि राग आला की दोन्ही, अशी आमची रीत. अप्पांचं वय झालं असलं तरी ते रोज गादीवर येऊन बसतात आणि मी केलेली प्रत्येक गोष्ट मोडून परत तशीच करतात. मी चिडते, ते हसतात, दुकान चालतं.

माझी मोठी बहीण, अक्का, धारवाडला मळमड्डीत राहते. तिथल्याच एका शाळेत तिने शिवण शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत यंत्रं मांडून पडदे शिवायला घेतले. दोघी बायका तिच्या हाताखाली येतात. कापड आमच्याकडून जातं, शिवून तिच्याकडून येतं. तिचा एक नियम आहे. सुती कापडाला पाणी पाजल्याशिवाय कात्री लावायची नाही. रात्रभर हौदात बुडवून ठेवायचं, सकाळी न पिळता वाळत टाकायचं, मग इस्त्री आणि मग माप. तसं केलं नाही तर पहिल्याच धुण्यात पडदा आटतो आणि लेंगा घोट्याच्या वर चढावा तसा खिडकीच्या वर चढून बसतो. अक्काने शिवलेला पडदा आजवर वीतभर सोडा, बोटभर आटलेला नाही. धारवाडात लोक हे एकमेकांना सांगतात आणि तिला ते कानावर आलेलं आवडतं.

तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र पडदा नाही. कधीच नव्हता. समोरच्या घरातले लोक सरळ तिच्या कढईत बघू शकतात.

त्याचं कारण जुनं आहे. आम्ही हुबळीतच केशवापूरला राहत होतो तेव्हा स्वयंपाकघरात ओट्यालगतच्या खिडकीला नायलॉनचा पडदा होता. फुलाफुलांचा, आमच्याच दुकानातला. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, ओट्यावर स्टोव्ह पेटलेला होता आणि वाऱ्याने पडदा आत आला. मी खिडकीखाली भातुकली मांडून बसले होते. मला आठवतं ते इतकंच, की वरून काहीतरी थेंब थेंब पडत होतं आणि पडलेला थेंब जमिनीवर जळत होता. अक्का शाळेच्या गणवेशात होती. तिने मला ढकललं, "तंगी, लांब हो" म्हणाली आणि उघड्या हातांनी पडदा ओढून खाली घेतला. तंगी म्हणजे धाकटी बहीण. ती मला अजून तीच हाक मारते. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं, झटकून जात नाही. तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून ती लांब बाह्यांचेच ब्लाउज घालते, धारवाडच्या उन्हाळ्यातसुद्धा.

तर अक्काच्या त्या शाळेने जुनं सभागृह नीट करायला काढलं. पुन्हा परवानगी मिळण्यासाठी अग्निशमन खात्याची अट होती, की रंगमंचाचे आणि खिडक्यांचे पडदे आग न धरणाऱ्या कापडाचे पाहिजेत आणि पाहुण्यांसाठी पुढे ठेवतात त्या सोफ्यांचंही कापड तसलंच पाहिजे. काम आमच्याकडे आलं आणि शिलाई अक्काने हट्टाने मागून घेतली. तशी तिला कामाची वाण नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, इतकी वर्षं प्रत्येक गॅदरिंगला मी विंगेत उभी राहिले, पण एक नाच धड बघितला नाही. झगझगीत कपडे घातलेली मुलं, तापलेले दिवे आणि त्यांच्या पाठीला लागलेला तो जुना मखमली पडदा. तिचे डोळे कायम पडद्यावर असायचे. आता एकदा तरी पुढच्या खुर्चीत निर्धास्त बसून मुलांचा नाच बघायचा आहे, म्हणाली. एवढंच तिला हवं होतं.

बेंगळूरूच्या एजंटाने पडद्यासाठी जाड सुती कापड आणलं, गर्द मरून रंगाचं, औषध चढवलेलं. सोफ्यासाठी वेगळं. त्याने प्रयोगशाळेतल्या तपासणीचे कागद पुढे ठेवले. तिथे पट्टी उभी टांगतात, खालून ठरावीक वेळ ज्योत धरतात, ज्योत काढल्यावर कापड किती वेळ जळत राहतं, काळं किती वरपर्यंत जातं, थेंब गळतात का ते बघतात. अप्पांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचले, घडी घातली आणि काडीपेटी काढली. धाग्यावर भागेना म्हणून बोटभर रुंदीची पट्टीच कापली. पेटती काडी लावली तेवढा वेळ टोक जळलं. काडी बाजूला झाली तसं विझलं. काळं झालेलं टोक अप्पांनी चुरगळून बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, हे सुती आहे, पण सुतीसारखं वागत नाही. त्यांच्या तोंडून ही स्तुती होती.

सोफ्याच्या कापडाची तपासणी आणखी वेगळी. एजंटाने सांगितलं की बैठक आणि पाठ यांच्या सांध्यात पेटती सिगारेट ठेवून देतात आणि आतला फोम धुमसतो का बघतात, कारण सोफ्याला आग लागते ती बहुतेक तशीच, कुणाच्या तरी बोटांतून निसटलेल्या सिगारेटने. अप्पांना ही पद्धत फार पटली. आता आमच्या घरात तीन पिढ्या कुणी सुपारीपलीकडे गेलेलं नाही. अप्पा स्वतः उठून कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेले आणि एक सिगारेट मागितली. पानवाल्याने आधी दिलीच नाही, वहिनींना विचारतो म्हणाला. शेवटी अप्पा सिगारेट घेऊन आले, पण पेटवायची कशी हे आम्हा दोघांनाही येईना, कारण ओढल्याशिवाय ती नीट पेटत नाही. एजंटाने आमची सुटका केली. दुकानामागच्या जागेत फोमचे दोन तुकडे कापडात गुंडाळून, खुर्चीसारखे एकमेकांना टेकवून, सांध्यात ती सिगारेट ठेवली आणि आम्ही तिघे तिच्याकडे बघत उभे राहिलो. ती संपून राख झाली. कापडावर तपकिरी डाग पडला, खालचा फोम पांढराच्या पांढरा. संध्याकाळपर्यंत मात्र दुर्गदबैलभर झालं होतं की म्हाताऱ्याने या वयात सिगारेट धरली. आईने दोन दिवस अप्पांच्या तोंडाचा वास घेतला.

जाताना एजंट बजावून गेला की टांगलेले पडदे धुवायचे नाहीत, मळले तर ड्रायक्लीन करायचे. अप्पांनी हे शाळेला सांगितलं, अक्कालाही सांगितलं. तिने मान डोलावली. थानं टेम्पोतून मळमड्डीला गेली. थोडा उरलेला तुकडा नेहमीप्रमाणे आमच्या फळीवर राहिला.

पडदे टांगले त्या दिवशी मी धारवाडला गेले होते. इतकं सरळ काम मी अक्काच्या हातूनही आधी पाहिलं नव्हतं. चुण्या एकसारख्या, खालची दुमड जमिनीपासून बरोबर तेवढीच वर. मुख्याध्यापिका खूश होत्या. अग्निशमन खात्याचे अधिकारी आले, सगळं फिरून बघितलं, दारं मोजली, लाल नळकांडी तपासली आणि पडद्याच्या कापडाची पट्टी मागितली. अक्का स्वतः कात्री घेऊन पुढे झाली. दुमडीच्या आतून, दिसणार नाही अशी पट्टी तिने कापली आणि कौतुकाने त्यांच्या हातात दिली. अंगणात जाऊन त्यांनी पट्टीला लायटर लावला.

पट्टी भसकन पेटली. त्यांनी लायटर काढून घेतला तरी ज्योत वर चढत राहिली, बोटांपर्यंत आली, तेव्हा त्यांनी पट्टी खाली टाकून बुटाने विझवली.

"अम्मा, इदु उरीतदल्ल," ते अक्काला म्हणाले. हे तर पेटतंय.

माणूस सभ्य होता. त्यांनी शाळेला गॅदरिंगच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत दिली. तोवर हे पडदे उतरवा, दुसरे आणा, मी परत येऊन बघतो, म्हणाले. अक्काने उजव्या हाताने डावी बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि तशीच धरून उभी राहिली. मला त्या एजंटाचा गळा धरावासा वाटला.

दुकानात येऊन मी अप्पांना सांगितलं. अप्पांनी एजंटाला फोन लावला आणि त्याला दोन्ही भाषांत सोलून काढलं. तो शपथा घेत होता की माल तोच आहे. फोन ठेवल्यावर अप्पांनी फळीवरचा उरलेला तुकडा काढला, त्याची पट्टी कापली, जाळली. विझली. दुसरी जाळली. तीही विझली. मग मी निघताना शाळेतल्या पडद्याची कापून घेतलेली पट्टी पर्समधून काढली, तिचा कोपरा जाळला. तो कागदासारखा जळाला. अप्पा काडीकडे बघत बसले, जणू काडीनेच लबाडी केली होती.

मी दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या. रंग एक, वीण एक, कडेचा धागासुद्धा एक. पण एक पट्टी करकरीत होती आणि दुसरी मऊ. आयुष्य कापड चाचपण्यात गेल्यावर हे कळायला चष्मा लागत नाही. मऊ पट्टीने पाणी पाहिलं होतं.

अप्पांच्याही ते माझ्याबरोबरच लक्षात आलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. धुऊ नका हे अक्काने ऐकलं होतं आणि पाळलंही होतं. पण धुणं मळलेल्या कपड्यांचं असतं. कोऱ्या कापडाला पाणी पाजणं हे आमच्यात कुणाच्या मनात धुण्यात जमाच होत नाही; ते भाकरीच्या पिठात पाणी घालण्याइतकं गृहीत आहे. तिला वेगळं सांगायला हवं हे अप्पांना सुचलं नाही, मला नाही आणि बेंगळूरूच्या माणसाला तर कुठून सुचणार.

अप्पा म्हणाले, दोष एजंटावरच राहू दे. माल वाईट निघाला म्हणून सांग. दुसरं कापड मागवतो. तिला बोलू नको.

मला त्यांचं म्हणणं कळत होतं. केशवापूरला त्या दिवशी जो पडदा पेटला तो त्यांनीच दुकानातून घरी आणलेला होता. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यानंतर दुकानात नायलॉनचं थान आलं नाही हे मला माहीत आहे. आता त्याच मुलीला जाऊन सांगायचं, की मुलांच्या डोक्यावर पेटणारा पडदा तुझ्या हातांनी टांगला गेला. मला नकोच होतं ते. पण सांगितलं नाही तर ती पुढच्या कापडालाही पाणी पाजणार होती. आणि एका निर्दोष माणसाला शिव्या खायला लावायच्या, हेही मला पटेना, जरी थोड्या वेळापूर्वी मीच त्याचा गळा धरायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी मी बसने धारवाडला गेले. अक्का मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी बसली होती. हौद रिकामा होता. चहा घेतेस का, असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठली. मी म्हटलं, आधी बस. आणि विचारलं, की त्या मरून कापडाला पाणी पाजलं होतंस का.

"पाजलं की. दोनदा पाजलं," ती म्हणाली. "पहिल्यांदा पांढरं पाणी निघालं. किती खळ भरतात गं हे लोक. मुलांच्या अंगाला लागणार, खाज सुटंल म्हणून परत एकदा काढलं."

माझा धीरच गेला. आटू नये म्हणून एकदा, आणि मुलांना त्रास होऊ नये म्हणून दुसऱ्यांदा.

"अक्का," मी म्हटलं, "ती खळ नव्हती. तेच औषध होतं."

मी दोन्ही पट्ट्या दगडावर ठेवल्या आणि अप्पांनी काय केलं ते सगळं सांगितलं. तिने करकरीत पट्टी उचलली, हौदाच्या नळाखाली धरली, चोळली. हातातून पांढरट पाणी ओघळलं. ते तिने ओघळू दिलं, संपेपर्यंत. मग ती म्हणाली, "म्हणजे मीच."

मी म्हटलं, तू नाही, कुणीच तुला नीट सांगितलं नाही. ती म्हणाली, ते असू दे. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं ते मला. लहान असताना तिचा हात बांधलेला बघून रडत असे, तसं. ती उठली, चहा टाकला आणि बाहेर येऊन मलाच ओरडली, की रडून काय होतंय, येन आगल्ल, काही होत नाही, एजंटाला फोन लाव.

एजंटाची मी आधी माफी मागितली, मग त्याला मार्ग विचारला. तो म्हणाला, उतरवलेले पडदे पुन्हा औषधात बुडवून वाळवता येतील. अक्काने शेजारून ऐकलं आणि मान हलवली. पाण्याने जातं ते औषध तिला नको होतं. शाळा आहे, म्हणाली, छत गळतं, मुलं पाण्याच्या बाटल्या उडवतात, दोन वर्षांनी कुणीतरी शिपाई पडदे धुवायला टाकणारच आणि तेव्हा मी नसेन. तिच्या डोक्यात तोवर पुढचं सगळं येऊन गेलं होतं. मग एजंटाने दुसऱ्या कापडाचं सांगितलं. त्यात औषध वरून चढवलेलं नसतं, धागा बनतानाच त्यात तो गुण घातलेला असतो. पॉलिएस्टर असतं, पण धुतलं तरी जात नाही. पॉलिएस्टर म्हटल्यावर अक्काचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. नायलॉनची बहीणच ती, तिच्या दृष्टीने. थोडा वेळ घेऊन ती म्हणाली, पाठव.

कापड आलं तेव्हा मी तिच्याकडेच होते. तिने त्याची एक लांब पट्टी कापली आणि पाण्यात घातली. पॉलिएस्टर आटत नाही, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. तरी पट्टी साबणाने धुतली, वाळवली, परत धुतली, परत वाळवली, दोन दिवस तिचा दुसरा उद्योगच नव्हता. हाताखालच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. थानाला कात्री लागली ती त्यानंतर. मग तिघींनी मिळून यंत्रं थंड होऊ दिली नाहीत. मी बटणंसुद्धा धड लावू शकत नाही, म्हणून मला इस्त्रीला बसवलं होतं आणि तिथेही मला दोनदा बोलणी खावी लागली.

उतरवलेले मरून पडदे तिने कापून शाळेच्या पेट्या झाकायच्या खोळी केल्या. रंगमंचाजवळ त्यांना फिरकू दिलं नाही.

मुदतीच्या दिवशी अप्पासुद्धा हुबळीहून आले. खिशात काडीपेटी होती, ती मी बाहेरून ओळखली. नवे पडदे टांगलेले होते. अधिकारी आले आणि त्यांनी पट्टी मागितली, तेव्हा अक्काने दुमडीतून ताजी पट्टी कापली आणि तिच्याबरोबर पिशवीतून दुसरी काढली, ती धुतलेली. कन्नडात म्हणाली, ताजी तुम्ही जाळा. ही पाणी पाजलेली आहे, ही मी जाळते. अधिकाऱ्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी मान डोलावली.

ताजी पट्टी त्यांनी पेटवली. टोक आक्रसलं, काळं झालं, ज्योत काढताच विझलं. अप्पांनी ती मागून घेतली आणि सवयीने हुंगली.

मग अक्का अंगणाच्या मधोमध गेली. तिने अप्पांसमोर हात केला आणि अप्पांनी खिशातली काडीपेटी तिच्या हातावर ठेवली. अक्काच्या घरात काडीपेटी नसते. देवासमोरचा दिवासुद्धा ती गॅसच्या लायटरने लावते. तिने बाह्या सारल्या, दोन्ही. तो हात मी उन्हात किती वर्षांनी बघितला. डाव्या हातात पट्टी धरून ती उजव्या हाताने एकटीच काडी ओढायला बघत होती आणि ते काही जमत नव्हतं, म्हणून मी पट्टी धरायला पुढे झाले.

तिने काडीपेटी कोपराने अंगाशी दाबून धरली आणि माझ्याकडे न बघता काडी ओढली.

"तंगी, लांब हो," ती म्हणाली.

मी लांब झाले.